मूळ आणि शेंडा

ते अडुसष्ट साल. टायफॉइडमध्ये बाईंचे केस गेले ते परत आलेच नाहीत, आणि थोरल्या मुलीचं लग्न पंधरवड्यावर येऊन ठेपलं होतं.

टोप तयार होता. बाईंनी तो चढवून आरशात पाहिलं. तोच तांबूस रंग, कपाळापाशी तीच लाट.

"बरा आहे," टोप काढून ठेवत त्या म्हणाल्या. "किती?"

"ठरलेले चारशे." टोपवालीचे डोळे लालभडक झाले होते. "चार महिने लागले, बाई."

"कापलेल्या वेण्या आणायच्या नि जाळीवर शिवायच्या, त्याला चार महिने?"

"हे वेणीचे नाहीत. वेणीत सगळी मुळं एका बाजूला असतात. इथे एकेक केस चिमटीत चोळून मूळ कुठलं, शेंडा कुठला ते बघावं लागलं. उलटा बांधला की गुंता होतो."

बाई थबकल्या. "म्हणजे गुंतवळ? शी! कुणाच्या तरी फणीतली घाण माझ्या डोक्यावर?" त्यांनी रुमालाने बोटं खसाखसा पुसली.

"सात पाण्यांनी धुतलंय. आणि चांगल्या घरातलं आहे."

"चांगल्या घरातली बाई गुंतवळ विकते? भिकेचे डोहाळे! उवा किती होत्या, विचारलंस का तिला?"

दाराशी बाईंची धाकटी विधवा बहीण उभी होती. घरात सगळे तिला मावशीच म्हणत. टोपवालीचा पत्ता तिनेच आणला होता.

"ताई, देऊन टाक ना. कष्ट आहेत तिचे."

"तू गप्प बस. फुकटचं खाणाऱ्याने भाव सांगू नयेत." बाईंनी दीडशे टेबलावर टाकले. "हे हातांचे. घाणीचे मी देत नाही. परवडत नसेल तर घाल तो तुझ्याच डोक्यात!"

टोपवालीने तोंड उघडलं आणि मावशीकडे पाहिलं. मावशीने नुसती नकारार्थी मान हलवली.

टोपवालीने पैसे उचलले. केसांचे दीडशे तिने आधीच चुकते केले होते. चार महिने फुकट गेले.

लग्नात जो तो म्हणाला, "केस अगदी पहिल्यासारखे आले हो!" बाई हसून मान डोलावत राहिल्या. पुढे अकरा वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी तोच टोप वापरला. काढला की दर वेळी साबणाने हात धुवायच्या.

टोपवालीची नजर दोन वर्षांत अधू झाली. मग ती बोटांच्या अंदाजाने खुर्च्यांचे वेत विणायची.

मावशी लग्नानंतर घर सोडून गेली. एका खोलीत राहिली, शिवणयंत्र घेतलं, आणि टोपवालीचे राहिलेले अडीचशे थोडे थोडे करून पोचते केले. यंत्राला पैसे कुठून आले, ते बाईंना कधीच कळलं नाही. आजारपणाआधी बावीस वर्षं ताईची वेणी घालून झाली की फणी साफ करायचं काम मावशीकडेच होतं.