बिनफोडणीचं वरण

"नेहमीसारखाच स्वयंपाक करा, गुंडोपंत. महाराज गेले हे या तंबूबाहेर कळता कामा नये," दिवाण दबक्या आवाजात म्हणाले. "गडावरचं पाणी संपलंय. उद्या ते दरवाजा उघडून शरण येतील. तेवढा उद्याचा दिवस निभावू दे."

गुंडोपंत आचाऱ्यांनी मान हलवली. महाराज रांगत होते तेव्हापासून त्यांनीच त्यांना जेवू घातलं होतं. त्यांनी भात केला, भाजी केली, वरण घोटलं. सरदारांची ताटं याच चुलीवरून जात, तशी आजही गेली.

थोरल्या सरदारांनी पहिला घास घेतला आणि ते थबकले. वरणाला फोडणी नव्हती. भाजीत हळद नव्हती. सुतकातलं जेवण त्यांनी लगेच ओळखलं.

महाराजांना मूलबाळ नव्हतं. गादी मोकळी झाली म्हटल्यावर थोरले सरदार हात धुऊन उठले आणि आपली फौज घेऊन राजधानीकडे निघाले. त्यांच्या आधी पोचायचं म्हणून बाकीचेही निघाले. दुपारी वेढ्याच्या जागी नुसत्या विझलेल्या चुली उरल्या.

"अहो, चिमूटभर मोहरी टाकायला काय झालं होतं?" दिवाण ओरडले.

"हातात घेतली होती," गुंडोपंत म्हणाले. "पण पोर आत तसं पडलेलं, आणि मी चर्रर्र फोडणी देऊ?"

तेवढ्यात समोर गडाचा दरवाजा उघडला. नंग्या तलवारी घेऊन घोडेस्वार खाली येऊ लागले. त्यांना अडवायला छावणीत दोन म्हातारे होते आणि एक प्रेत.