आधी बाप्या

“तिला टेबलावर घेऊ नकोस,” डॉक्टर दौलतराव म्हणाले. “आधी बाप्या.”

ज्योतीराम थबकला. पिंपरीच्या दवाखान्यात शिकायला येऊन त्याला महिनाच झाला होता. छप्पन साल उजाडलं, तरी मूल झालं नाही की बाईलाच आडवी करायची, तिलाच चिमटे घालायचे, एवढीच डॉक्टरकी त्याला कॉलेजात शिकवली होती.

बाकावर चाकणचा चिमाजी बसला होता. हातभर अंतर सोडून त्याची बायको गवराबाई. लग्नाला नऊ वर्षं झालेली. येत्या सोमवारी तो दुसरी आणणार होता.

“हिचाच हट्ट, एकडाव डाक्टरला दावा म्हून,” चिमाजी म्हणाला. “तपासा, आन वांझ हाय म्हून सांगून टाका. तकडं सुपारी फुटलीया.”

“आधी तुमची तपासणी.”

“माझी? मी काय गाभण ऱ्हानार हाय?”

बाकावरचे लोक हसले. दौलतराव हसले नाहीत. “नसेल जमत तर चालू लागा. मग तिलाही हात लावणार नाही.”

गवराबाई उठली. “डाक्टरसायब, मला वाईच बोलायचं...”

“बसा, बाई,” ज्योतीराम म्हणाला. “नऊ वर्षं तुमचीच झडती घेतली सगळ्यांनी. आज त्यांची पाळी.”

ती बसली. चिमाजी शिव्या घालत नमुन्याची बाटली घेऊन आत गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली ज्योतीरामने एक थेंब पाहिला, मग दुसरा, तिसरा. एकही शुक्रजंतू नव्हता. दौलतरावांनीही पाहिलं.

“गालफुगीनं गाल सुजले होते कधी?” त्यांनी चिमाजीला आत बोलावून विचारलं.

“सोळाव्या वर्सी. खालीबी सुजलं. म्हैनाभर उठलो न्हाई.”

दौलतराव ज्योतीरामकडे वळले. “तू सांग. मऊ बोललास तर हा घरी जाऊन तिलाच बडवेल.”

ज्योतीराम मऊ बोलला नाही. “दहा बायका आणा. तुमच्यापासून एकीलाही मूल होणार नाही. त्या सुजेनं बीजच मेलंय; आजवर होणं शक्यच नव्हतं.”

चिमाजीने पटका काढून मांडीवर ठेवला.

“लगीन मोडतो,” तो म्हणाला. “नाहक मारलं तिला.” आणि तो तोंड धुवायला मागच्या नळावर गेला.

ज्योतीराम जवळजवळ धावतच बाकापाशी आला. “लग्न मोडलं, बाई. दोष त्यांचाच. मूल होणंच शक्य नाही, असं स्पष्ट सांगितलंय त्यांना. आता बोला, काय म्हणत होता?”

गवराबाईने पदर पोटावर ओढून घेतला.

“मला तिसरा म्हैना हाय,” ती म्हणाली. “त्येच तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर घालाया आले हुते.”