रीतीत उणं नाही

गिरणीच्या यंत्रात सापडून जोतीराम मेला. त्याचं घर आणि गिरणीची भरपाई कुणाला, याचा दावा सोलापूरच्या कोर्टात उभा राहिला. पिंजऱ्यात त्याची आई बजाबाई छातीठोकपणे सांगत होती, “माजा ल्योक बिनलग्नाचा ग्येला, सायेब. ही दगडाबाई त्यानं नुसती ठेवलेली हुती.”

दगडाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. आता आपला वकील थेरडीला फाडून खाणार, म्हणून ती बघत राहिली. तर गंगाधरपंत म्हातारीशी गोड गोड बोलायला लागले! मेला फितला वाटतं, ती मनात चरफडली.

“एकुलता एक मुलगा तुमचा. शेवटचं सगळं रीतीनं केलंत ना, बजाबाई?”

“तर वो! दारात आंघूळ घातली, हार घातला. रीतीत उणं म्हनून न्हाय ठिवलं. बांगड्यासुदिक मी सोत्ता फोडल्या, ह्या हातांनी, दगडानं!”

गंगाधरपंत एकदम कडाडले, “कुणाच्या?”

दगडाबाईनं पदराखालचे भुंडे हात बाहेर काढले आणि साऱ्या कोर्टाला दिसतील असे वर धरले.