अख्खी ओळ जुळली तर

"कुणाला खरं वाटणार न्हाई, मॅडम, पण आज पहाटंपासून मी मुर्दे उठवून राहिलो," जिलानी म्हणाला आणि कुणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसला.

रुद्राणी मॅडमनी चष्मा वर सरकवला. "कसले मुर्दे?"

"नवे टॅब. सगळेच्या सगळे. कपाटात निजल्यावाणी पडले होते. बटन दाबलं तर उजेड न्हाई."

मॅडमचा हात कपावरच थांबला. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांच्या वडिलांनी पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलेला क्लास आता चार मजली झाला होता. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं त्या टॅबांवरच चाचण्या देत. पुढच्या महिन्यात नांदेडची शाखा उघडायची होती. तिथल्या मशिनींचा कारभार जिलानीकडे द्यायचा की उमाशंकरकडे, ते आज ठरणार होतं.

जिलानीला नांदेड हवं होतं. मुदखेड तिथून हाकेवर. बायको दिलशाद तिथं, आणि धाकटी पोर बापाला फोनमधला माणूस समजायला लागली होती. पण उमाशंकरला नांदेड मिळू नये, हे त्याला त्याहून जास्त हवं होतं.

उमाशंकर नोकरीत त्याच्या मागून आलेला. तरी प्रिंटर अडला की "उमाशंकरला बोलवा". भर उन्हात गच्चीवर चढून तार ओढायची जिलानीनं, आणि खाली इंटरनेट सुरू झालं की पोरी थँक्यू म्हणायच्या उमाशंकरला. त्यात माणूस चांगला. शिष्ट असता तर मत्सर तरी सुखानं करता आला असता.

"नीट सांगा," मॅडम म्हणाल्या. "काल येळवशीची, वेळ अमावस्येची सुट्टी. इथं चिटपाखरू नव्हतं. टॅब बिघडले कसे?"

"तेच तर. तुम्ही सगळे रानात भज्जी-आंबील खाऊन राहिले आन् इकडं उमाशंकरनं लावून ठेवलेलं अपडेट संध्याकाळी आपोआप चालू झालं. टॅबच्या पोटातला मूळ प्रोग्राम बदलणारं अपडेट. ते चुकलं की टॅब म्हणजे पाटी."

"उमाशंकरचं चुकलं?"

जिलानीनं मान खाली घातली, जणू दोस्ताबद्दल बोलणं जिवावर आलंय.

"पोरगं हुशार हाय, मॅडम. पण घाई लई. आपल्याकडं दोन जातीचे टॅब. जुने टी-१, नवे टी-१०. त्याची स्क्रिप्ट पहिल्यांदा टॅबला विचारते, बाबा तू कोण? टॅबच्या हार्डवेअरमध्ये नाव लिहिलेलं असतंय, ते वाचते, आन् नाव जुळलं तरच पुढचा माल देते. आता टी-१ शोधायला सांगितलं तर टी-१० मध्ये पण टी-१ सापडतंयच की. म्हणून ग्रेपला, त्या नाव शोधणाऱ्या कमांडला, बजावावं लागतंय, अख्खी ओळ जुळली तरच हो म्हण. त्याला एक एक्स लावायचा असतो. एवढंसं अक्षर. ते लावलंच न्हाई."

"मग?"

"मग काय? तुम्ही हजेरीत एक नंबर म्हणलं आन् दहा नंबरचा उठून उभा राहिला. जुन्याचं औषध नव्याच्या पोटात गेलं."

मघापासून दाराबाहेर ऐकत थांबलेल्या भौतिकशास्त्राच्या अंबिका मॅडम दार ढकलून आत आल्या. गोष्ट रंगलेली पाहून भिंतीशी उभ्या राहिल्या.

ऐकणारं माणूस वाढलं तसा जिलानीचा आवाजही चढला. एकेका टॅबची पाठ कशी उघडली, बोटं कशी सोलली, एक टॅब तर धूर सोडून पुन्हा कसा जिता झाला, सगळं आलं. "अर्धे उठवले. उरलेले दुपारच्या चाचणीआधी उठवतो. फक्त कपाटाला आता कुणी हात लावू नका. उमाशंकरला तर बिलकुल न्हाई."

"उमाशंकर आणि असं कच्चं काम," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मी तक्रार न्हाई करून राहिलो. पण नांदेड म्हणजे नवीन गाव, नवीन पोरं. तिथं असं झालं तर तुमच्या वडिलांचं नाव जाईल."

मॅडमनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "नवल आहे. परवा मी उमाशंकरलाच विचारलं होतं, नांदेडला जातोस का? तर म्हणाला, जिलानीभाईंना पाठवा. त्यांचं घर तिकडं आहे, आणि काम माझ्यापेक्षा त्यांना जास्त येतं."

धूर सोडणारा टॅब परत पोटात घालता आला असता तर जिलानीनं त्या घडीला घातला असता.

"त्याचं नशीब," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्हीच जा नांदेडला. काय हो अंबिका, बरोबर ना?"

अंबिका मॅडम भिंतीपासून पुढं आल्या.

"दुपारची चाचणी मी सकाळीच उरकली, जिलानीभाई. नव्या टॅबांवरच. एकही बंद नव्हता. काल दिवस मावळायला उमाशंकर, तुम्ही सुट्टीतही इथंच असाल म्हणून, तुमच्यासाठी रानातून आंबिलीचा डबा घेऊन आला होता. तुम्ही नव्हतात, कॉम्प्युटर चालू होता, आणि त्याच्या स्क्रिप्टमधली एक ओळ कुणीतरी बदललेली होती. त्यानं ती नीट केली आणि मगच अपडेट सोडलं. ओळ कुठली, हे मी सकाळपासून विचारतेय, पण उगाच कुणावर आळ नको म्हणून तो सांगायला तयार नाही. आत्ता तुमच्याकडूनच कळलं."