लकब नसलेला माणूस

“सापडला का?” जेराल्डने दारातूनच विचारलं.

लेन प्रॉबर्टने कानावरचा हेडफोन काढला आणि नकारार्थी मान हलवली. नऊ दिवस झाले, तो कॉलिन वेदरॉलची भाषणं ऐकत होता. वेदरॉल म्हणजे एका मोठ्या पक्षाचा नवा नेता, आणि लेन म्हणजे शुक्रवारच्या रेडिओ कार्यक्रमात अख्ख्या पार्लमेंटचे आवाज एकट्याने काढणारा नकलाकार. अकरा वर्षं त्याचा हुकमाचा एक्का होते जुने नेते, मॉर्डनसाहेब. ते प्रत्येक वाक्याआधी खाकरायचे. लेन माईकसमोर नुसता खाकरला, की स्टुडिओतली माणसं पोट धरून हसायची. मग मॉर्डनसाहेब निवडणूक हरले, राजीनामा देऊन गुलाबांची छाटणी करत बसले, आणि इकडे लेनच्या पोटावर पाय आला.

“अरे, माणूस आहे ना तो? काहीतरी असेलच की!” जेराल्ड म्हणाला. तो कार्यक्रमाचा निर्माता. कधी ओरडायचा नाही, म्हणून त्याची जास्तच भीती वाटायची. “नाकात बोलतो? ‘र’ खातो?”

“काही खात नाही. सपक पाणी आहे नुसतं.”

“श्रॉपशरचा ना तो?”

“मीही तिकडचाच. आमच्याकडे लकब बिकब नसतेच रे कुणाला. सरळ बोलतात सगळे.”

जेराल्डने चष्मा पुसला. “लेन, पक्षाचा नेताच नाही म्हटल्यावर नकला कसल्या करायच्या? पुढच्या शुक्रवारपर्यंत बघ. वरची मंडळी तुझ्या जागी दुसरा शोधायचं म्हणताहेत.”

लेन क्रॉयडनला घरी पोचला तो बिशपच्या आवाजात. “मुली, या पापी जिवाला घोटभर चहा मिळेल काय?”

“झालं सुरू,” त्याची बायको ऑड्री म्हणाली. ती दिवसभर बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांशी बसून आली होती. “आणि बातम्या लावू नकोस हं. त्या मेल्या राजकारण्यांनी कान किटलेत माझे. या घरात तेवीस माणसं बोलतात, आणि कपबशा विसळायला मी एकटी!”

“सरकार याचा जरूर विचार करेल,” लेन खाकरून म्हणाला.

तिने फडकं फेकून मारलं, पण हसली नाही. खरं तर लेन मनातून पार घाबरला होता. चोपन्नाव्या वर्षी दुसरं काय करणार तो? हेच तिला सांगायला त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आतून मॉर्डनसाहेबच बाहेर आले. मग त्याने नाद सोडला आणि मुकाट्याने चहा प्यायला.

वेदरॉल दर शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये आपल्या मतदारांना भेटायचा. कुणीही यावं, रांगेत बसावं, गाऱ्हाणं मांडावं. भाषण करताना माणूस सावध असतो, गाऱ्हाणी ऐकून वैतागला की काहीतरी सुटेलच, असा लेनचा हिशेब. त्याने टोपी घातली, खिशात छोटा टेपरेकॉर्डर ठेवला, त्याच मतदारसंघात राहणाऱ्या मावसभावाचा पत्ता स्वतःचा म्हणून सांगितला आणि यॉर्कशरच्या एका खेडवळ म्हाताऱ्याचा आवाज लावला.

“सायब, शेजाऱ्याचं झाडांचं कुंपण बगा की! चौदा फूट वाढलंया. तीन वर्सं झाली, माज्या टमाट्यांना ऊन न्हाई.”

“अरेरे. त्यांच्याशी बोललात का?”

“बोललो तर. मला म्हनतो, टमाटे दुकानात मिळत्यात.”

वेदरॉल हसला. हसणंही साधंच. लेनने मग आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, तुम्ही सगळे पुढारी एका माळेचे मणी म्हणून शिव्या घातल्या. वेदरॉलने बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

“रागावू नका. नगरपालिकेला मी पत्र लिहितो. पण खरं सांगू? पत्राने कुंपण खाली येत नाही. एकदा त्यांना चहाला बोलवा. बसा त्यांच्याशी. माणूस मनाने वाईट नसतो हो बहुतेक वेळा, त्याला नुसतं कुणी विचारलेलं नसतं.”

छे! धरायला टोक म्हणून नाही. वाईट याचं, की माणूस लेनला आवडला.

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरात ती टेप सात वेळा ऐकली. तोंड वाकडं करून पाहिलं, नाक चिमटीत धरून पाहिलं. प्रत्येक वेळी वेदरॉल सोडून दुसराच कुणीतरी उमटायचा. शेवटी हात टेकले. टेप तशीच चालू ठेवून तो बाहेरच्या खोलीत गेला आणि त्याने जेराल्डला फोन लावला.

“माझ्याने होत नाही रे. दुसरा बघा.”

जेराल्ड ओरडला नाही. “बरं,” म्हणाला. अकरा वर्षं तेवढ्या एका शब्दात आटोपली.

लेन स्वयंपाकघरात परत आला तेव्हा ऑड्री दुकानातून आली होती. अंगावरचा कोटही न काढता ती टेपरेकॉर्डरपाशी उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. टेपवर वेदरॉल शेजाऱ्याला चहाला बोलवायला सांगत होता.

लेनने बटणाकडे हात नेला.

“नको ना, राहू दे!” तिने त्याचा हात धरला. “किती वर्षांनी रे, लेन! लग्नाआधी माझ्याशी अगदी असाच बोलायचास तू. मला वाटलं होतं, तुझा हा आवाज गेला तो गेलाच.” तिने नाक पुसलं आणि रडता रडताच हसली. “आणि हा टमाटेवाला म्हातारा कोण?”