आनंदराजची नवी टाकी

सकाळी साडेसात वाजता बिलोलीच्या एका पेट्रोल पंपावर आनंदराजच्या जीपला पेट्रोल नाकारलं गेलं. नऊ वाजता माळावर जीपच्या चढाईची शर्यत होती आणि उशिरा येणाऱ्याला प्रवेश नव्हता.

मागच्या वर्षी ऐन चढावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला सरकलं, इंजिनाला पेट्रोलऐवजी हवा मिळाली आणि जीप साऱ्या गावादेखत बंद पडली. म्हणून यंदा त्याने खालची टाकी काढूनच टाकली. मागच्या सीटच्या जागी शर्यतीच्या गाड्यांना असते तशी चौकोनी टाकी बसवली आणि तिच्या नळ्या, फिल्टर सगळं स्वतःच्या हाताने जोडलं.

पंपावरच्या रामलिंगने टाकी पाहिली आणि पाइप परत अडकवला.

"डब्यात पेट्रोल देत न्हाई, भाऊ."

"डबा न्हाई, टाकी हाय ती! गाडी उलटी झाली तरी थेंब सांडणार न्हाई."

"डबा लई भारी हाय, त्यात वाद न्हाई. पण टाकी गाडीच्या खाली असती."

"अरे, ह्या नळ्या बघ की! पार इंजिनापर्यंत गेल्यात."

"वर कॅमेरा हाय. मालकाला त्यात नळ्या दिसत न्हाईत, डबा दिसतो."

 

शेवटची बातमी हाती आली तेव्हा पावणेनऊ झाले होते. आनंदराजची बायको प्रियदर्शनी वहिनी आपली स्कूटी भरून घ्यायला तिसऱ्यांदा रांगेत उभ्या राहिल्या होत्या, आणि आनंदराज रस्त्यापलीकडे जीपपाशी, हातात रबरी नळी धरून त्यांची वाट पाहत होता.