उजवी पावडी

"चिरून करायचं की फुग्यानं?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा द्वारकाबाईंची नजर नवऱ्याच्या काळ्या पडलेल्या अंगठ्यावर होती.

पायाची रक्तवाहिनी बंद पडली होती. त्याच्याच मांडीतली शीर काढून बायपास केला, तर जास्त वर्षं टिकणार होता. पण चिरफाड मोठी. फुगा घालून वाट मोकळी केली, तर परवा घरी. पण ती पुन्हा बुजायची भीती. "शीर चांगली आहे. मी तरी बायपासच सांगेन," डॉक्टर म्हणाले.

"हिला विचारा," नवरा म्हणाला. पैठणीचे रंगसुद्धा तो त्यांनाच विचारायचा.

घरी मागावर पैठणी अर्धी होती. अर्ध्या विणीला कात्री लावायची नाही, ही त्यांच्या घरची रीत. द्वारकाबाईंना ती त्या क्षणी माणसालाही लागू वाटली. "चिरू नका," त्या म्हणाल्या. "फुगाच घाला."

दोन महिने तो विणत राहिला. तिसऱ्यात वाट बुजली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पैठणी अजून हातभर बाकी होती. कुबड्या बाजूला ठेवून तो मागावर बसला. खालच्या खड्ड्यातली डावी पावडी त्यानं दाबली, धोटा फेकला. सवयीनं उजवी दाबायला गेला आणि थिजला.

द्वारकाबाई त्याच्याशेजारी खड्ड्यात पाय सोडून बसल्या. उजव्या पावडीवर त्यांनी आपलं पाऊल ठेवलं.

"चुकलं हो माझं."

त्यानं धोटा उचलला. मग म्हणाला, "दाब."